लिंबू, मिरच्या आणि तिसरा प्लग

आमची मोटार पहिल्यांदा अडखळली ती राहुरीत, गहिनीनाथ मिस्त्रीच्या गॅरेजसमोर. मी गिअर बदलला, मोटार म्हणाली, "फट्… फट्…", आणि गहिनीनाथने वर पाहिलं. हातातला पाना त्याच्याच पायावर पडला. ओळख झाली ती अशी.

"मिसिंग मारतीय," तो एका पायावर उभा राहून म्हणाला. "चारातलं एक सिलिंडर झोपलंय."

"उठवा मग."

"आधी कोन झोपलंय ते बघाय लागंल."

"मी जागी आहे," मी म्हणाले. का म्हणाले, कोण जाणे.

मागच्या सीटवर लंकाआत्याने घसा खाकरला.

मोटार आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, नगरच्या एका डॉक्टरांकडून जुनी घेतली होती. आबांचा राहुरीजवळ देवळालीत ऊस आहे. मोटार चालवता येत नाही. ब्रेकऐवजी ते बैलांना थांबवावं तसं "हो, हो" म्हणायचे. मी ट्रॅक्टरवर शिकलेली, म्हणून चाक माझ्याकडे, आणि माझ्यावर नजर आत्याची. आबांची अट साधी होती : नगरला बी.एड.ला जायचं तर मोटारीनं, आणि संध्याकाळी घरी. महिनाअखेरपर्यंत ही सुधारली नाही, तर घोडेगावच्या बाजारात उभी करायची. तिथं गाईम्हशी विकतात, पण आबांच्या मते चार चाकं म्हणजे चार पायच. मोटार गेली की बी.एड. गेलं.

गंमत अशी, की मोटार कधी अडखळायची, तर कधी दोन-तीन दिवस शहाण्यासारखी चालायची. गहिनीनाथने प्लग बदलले, कार्बोरेटर धुतला, प्रत्येक खेपेचा वार खडूने गॅरेजच्या दारावर लिहिला. आत्याच्या वजनानं वायर ताणते का, तेही पाहिलं. आत्या उतरली, मोटार अडखळली. आत्या बसली, मोटार अडखळली. आत्या निर्दोष सुटली.

"शनिवारी बिघडती, बुधवारी बरी हुती," तो दाराकडे बघत म्हणाला. "उपास धरलाय का काय हिनं?"

"तिलाच विचारा."

"तुमी कधी बऱ्या असता?"

"बुधवारी," मी म्हणाले… आणि उगाच स्टिअरिंग पुसत बसले.

महिन्यातला शेवटचा शनिवार उजाडला. मोटार फटफटत आली.

"ठिनगी कुठं गळतीय, ते अंधारात दिसतं," तो म्हणाला.

"भर दुपारी अंधार?"

"ताडपत्री हाय."

चालू इंजिनावर, उघड्या बॉनेटवरून त्याने ताडपत्री ओढली. आत त्याचं डोकं आणि माझं. बॉनेट उघडं असलं की मागच्या सीटवरून पुढचं काही दिसत नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

आत गरम होतं. पेट्रोलचा वास, आणि त्याच्या साबणाचा. मग टिक् — निळा उजेड, त्याची मिशी. अंधार. टिक् — त्याचे डोळे.

"दिसली?" तो कुजबुजला.

"हो."

"कुठं?"

मी भलतीकडेच बघत होते, हे सांगायचं कसं? मी खाली पाहिलं. टिक् — ठिणगी लिंबावर उडाली.

तिसऱ्या प्लगच्या वायरीला तारेनं बांधलेलं ताजं लिंबू, खाली सात मिरच्या. आत्या दर शनिवारी नवं बांधते. आधी बाहेर बंपरला बांधायची, ते शेळीनं खाल्लं, तेव्हापासून आत. गहिनीनाथनं ते दर वेळी पाहिलं होतं, नमस्कार करून बाजूला सारलं होतं. लिंबाला कोण संशयित धरणार?

"तार वायरीत रुतलीय," तो हळूच म्हणाला. "ठिनगी प्लगात जायची सोडून वल्या लिंबातनं पळतीय. बुधवारपातूर लिंबू सुकतं…"

"सापडलं का रं काही?" बाहेरून आत्या.

आबांना कळलं असतं, तर मोटारीआधी आत्या घोडेगावला गेली असती. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. टिक्.

"दिष्ट हुती, आत्याबाई!" तो बाहेर येत म्हणाला. "लिंबू आरशाला बांधत जा. आत बांधलं तर दिष्टीला दिसनार कसं?"

आत्याला हे पटलं. वायर बदलली. बाजार हुकला, बी.एड. सुरू झालं. आणि मोटार इतकी गुणी झाली, की राहुरीत थांबायचं कारणच उरलं नाही. सकाळी गॅरेजवरून जाताना मी हॉर्न द्यायची, तो पाना उंचावायचा. एवढंच.

दहा दिवस मी सोसलं. अकराव्या दिवशी, बरोबर गॅरेजसमोर — "फट्… फट्…"

तो धावत आला. बॉनेट उघडलं.

"आज तर बुधवार. लिंबू बी आरशाला हाय."

"हो."

"तिसऱ्या प्लगची वायर निघालीय."

"हो."

"आपोआप निघत न्हाई ती."

"नाही," मी म्हणाले.

त्याने वायर उगाच पुसली. कान लाल झाले होते.

"पुष्पावती…" नाव त्याने पहिल्यांदाच घेतलं. "आज जोडतो. पन रोज काढू नका. मीच येतो घरी… आबांना भेटाय. रविवारी. चालंल?"

मी मान डोलावली.

"रविवारची वाट कशाला बघतो?" मागच्या सीटवरून आत्या म्हणाली. "उद्याच ये. सकाळी हिनं वायर उपटली, तवाच बगितलं मी. तीन सिलिंडरवर आलोय देवळालीपास्नं, हाडं खिळखिळी झाली माजी!"