पदकाच्या कडेवरचं नाव

"अगं, हात नको, आरसा घाल! अडकलीस तर तुलाही इथेच प्रदर्शनात ठेवतील!"

"गप रे भोपळ्या! तू दाराकडे बघ!"

खारीनं ओठ दातांत धरला आणि काचेच्या पेटीमागच्या फटीतून लांब दांडीचा इवलासा आरसा आत सरकवला. तिची आई दातांची डॉक्टर. सुट्टीत आत्याकडे येताना खारीनं तो आरसा आईच्या पिशवीतून हळूच लांबवला होता. दहा वर्षांच्या पोरीला दात तपासायचा आरसा कशाला लागतो, असं विचारू नका. तिला सगळंच लागतं!

पेटीत मेजरसाहेबांचं शौर्यपदक होतं. मेजरसाहेब म्हणजे ताईचे बाबा. ताई तेरा वर्षांची. ती वर्षाची असताना बाबा एका पुलावर लढताना गेले. खार आणि तिचा भाऊ भोपळ्या ही ताईची मामेभावंडं; ताईची आई त्यांची आत्या. येत्या रविवारी वाचनालयाच्या सभागृहात बाबांच्या स्मरणाचा कार्यक्रम होता आणि ताई पहिल्यांदाच ते पदक लावणार होती. उजव्या बाजूला! ज्यानं पदक मिळवलं तो ते डावीकडे लावतो. तो गेला की त्याच्या घरची माणसं उजवीकडे लावतात. फौजेतली रीतच आहे ती. ताईनं त्यासाठी पांढरा सदरा दोनदा इस्त्री करून ठेवला होता. पण त्याआधी तिला पदकाची कड एकदा बघायची होती, आणि पेटीला कुलूप होतं.

"कड दिसतेय का?" ताईनं विचारलं.

"दिसतेय. पण कोरी आहे."

"कोरी कशी असेल? कडेवर बाबांचं नाव कोरलंय! लहानपणी मी त्यावरून नख फिरवायची."

खारीनं आरसा पुन्हा फिरवला. मग भोपळ्यानं बघितलं, मग ताईनं स्वतः. कड गुळगुळीत होती. नावाचा पत्ता नव्हता!

तिघंही धावत सुटली ती थेट अध्यक्षकाकांकडे. दुसरं कोणाकडे जाणार? काका बाबांचे शाळेपासूनचे मित्र, स्मारक समितीचे अध्यक्ष. ताईला सायकल त्यांनीच शिकवली होती. "घरात ठेवण्यापेक्षा सभागृहात सुरक्षित राहील," असं ताईच्या आईला समजावून दोन वर्षांपूर्वी त्यांनीच पदक इथे आणलं होतं.

काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि टायच्या टोकानं चष्मा पुसला. अवघड प्रश्न आला की ते चष्मा पुसायचे.

"छे छे! पेटीत अंधार, आरसा एवढासा. नाव आहेच, मी स्वतः बघितलंय. उगाच आईच्या कानावर घालू नकोस हं ताई. तिच्या जिवाला घोर लागेल."

तिघांनाही हायसं वाटलं. काका म्हणतात म्हणजे असेलच!

पण दुसऱ्या दिवशी खार पुन्हा आरसा घेऊन गेली, तर फट लांबीनं, खिडकीच्या काचा बसवतात त्या लगद्यानं, बुजवलेली. लांबी अजून ओली होती.

"फटीबद्दल कोणाला माहीत होतं?" भोपळ्यानं विचारलं.

"आपल्याला," खार म्हणाली, "आणि काकांना."

"नाव आहेच, तर मग फट कशाला बुजवायची?"

ताईनं ओल्या लांबीवर बोट दाबून बघितलं. दुसऱ्या कोणी फसवलं असतं तर तिला राग आला असता. पण काका?

"मला नाही पटत," ती शेवटी म्हणाली. "आपण परीक्षा घेऊया. त्यात काका पास झाले, तर मी त्यांच्या पाया पडून माफी मागेन."

संध्याकाळी ती काकांच्या खोलीत गेली आणि अगदी भोळा चेहरा करून म्हणाली, "काका, रविवारी बाबांचे वरिष्ठ, कर्नलआजोबा, येणार आहेत ना? ते म्हणाले, पदक हातात घेऊन कडेवरचं नाव मोठ्यानं वाचणार!"

काकांनी चष्मा काढला. तो स्वच्छच होता, तरी पुसला.

ताई बाहेर पडली आणि खिडकीखाली दबा धरून बसलेल्या दोघांना जाऊन मिळाली. आत काकांनी लगेच फोन लावला. "हॅलो, स्टँडजवळची लॉंड्री ना? माझ्या कोटावर पदक राहिलंय... हो, तेच. काढू नका. उद्या दुपारी येतो. हो हो, बसनं येतो, तुमचं गाव पलीकडेच तर आहे." माणूस चोरी करतो आणि फोन करताना खिडकी उघडी ठेवतो! काय म्हणावं याला!

"नापास," खार हळूच म्हणाली. भोपळ्यानं तिला कोपर मारलं, कारण ताईचे डोळे भरून आले होते.

दुसऱ्या दिवशी "पोहायला जातो" असं आत्याला सांगून तिघांनी पलीकडच्या गावाची बस पकडली. स्टँडजवळ लॉंड्री एकच. आत वाफेचा वास आणि गिऱ्हाइकांची गर्दी. लॉंड्रीवाले मोठी इस्त्री फिरवत होते. त्यांच्यामागे खुंटीवर एक काळा कोट, आणि कोटावर पदक. डाव्या बाजूला!

ताईनं बोट दाखवलं. "तो कोट कुणाचा?"

"तो?" लॉंड्रीवाल्यांचा ऊर भरून आला. "मेजरसाहेबांचा! पूल राखला होता ना, ते." आणि त्यांनी नाव सांगितलं. ते ताईच्या बाबांचं नाव होतं, आडनावासकट.

"ते... ते इथं येतात?"

"येतात म्हणजे? गेल्याच आठवड्यात या खुर्चीत बसले होते. शाळेत भाषण होतं त्यांचं. पदकावरचं नाव स्वतः दाखवलं मला!"

ताई त्या खुर्चीकडे वळली. बाबा जिवंत आहेत? या खुर्चीत बसले होते? वेड्यासारखं होतं ते, तिलाही कळत होतं, तरी एक क्षण तिनं त्या खुर्चीला हात लावून बघितला.

"दिसतात कसे?" भोपळ्यानं पटकन विचारलं.

"टक्कल आहे. आणि बोलताना सारखा टायनं चष्मा पुसतात."

ताईनं खुर्चीवरचा हात काढून घेतला. पेटीत नकली पदक ठेवून काकांनी नुसतं खरं पदक नेलं नव्हतं. बाबांचं नाव नेलं होतं, बाबांचा पूलही नेला होता!

"मी मेजरसाहेबांची मुलगी आहे," ती म्हणाली. "आम्ही थांबतो."

लॉंड्रीवाल्यांनी तिघांना कौतुकानं बाकावर बसवलं. दुपारी काका घाईघाईनं आत आले. लॉंड्रीवाल्यांनी खाडकन सलाम ठोकला आणि काकांनी तो रुबाबात घेतलासुद्धा! तेवढ्यात ताई उभी राहिली.

"बाबा!" ती ओरडली. सगळी गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. "बाबा, तुम्ही परत आलात?"

काकांचा चेहरा पांढराफटक पडला. "अगं... मी... मी काय तुझा बाबा आहे का?"

"का? तुम्ही मेजर ना?"

"साहेब, ही तुमची मुलगी ना?" लॉंड्रीवाले गोंधळले.

काकांचा हात चष्म्याकडे गेला आणि तसाच खाली आला.

"ज्यांना हे पदक मिळालं, ते पुलावरून परत आलेच नाहीत," ताई म्हणाली. आवाज कापत होता, पण ती थांबली नाही. "तुम्ही मला सायकल शिकवलीत, काका. मी तुमच्यावर विश्वास ठेवला होता!"

"मी परत ठेवणारच होतो गं," काका पुटपुटले. "लोक उभे राहायचे... बरं वाटायचं."

लॉंड्रीवाल्यांनी कोट खाली घेतला, पदक काढलं आणि ताईच्या ओंजळीत ठेवलं.

घरी सगळं सांगितल्यावर आईनं तिघांना घट्ट जवळ घेतलं. काकांचं अध्यक्षपद त्याच दिवशी काढून घेतलं गेलं. पण ताई जेवली नाही.

"पदक तर मिळालं ना?" भोपळ्या काकुळतीला आला.

"बाबांच्या सगळ्या गोष्टी मला काकांनीच सांगितल्या होत्या रे," ती हुंदके देत म्हणाली. "गोळ्या झेलताना बाबा हसत होते, असं ते सांगायचे. आता त्यातलं खरं काय, ते कुणाला विचारू?"

रविवारी सभागृह भरलं. पांढऱ्या मिशांच्या कर्नलआजोबांनी पदकावरचं नाव वाचलं आणि तिघा पोरांना कडक सॅल्यूट ठोकला. "मोठ्यांनी डोळे मिटले, यांनी उघडे ठेवले. शाब्बास!" भोपळ्याची छाती फुगली. खार तर खुर्चीवरच उभी राहिली.

ताई मात्र पुढे गेली आणि हळू आवाजात म्हणाली, "आजोबा, पुलावर बाबा हसत होते का?"

आजोबा तिच्यासमोर खाली वाकले.

"नाही बेटा. रेडिओवर मीच होतो. त्याचा आवाज थरथरत होता. मी म्हणालो, मागे फीर. तो म्हणाला, 'साहेब, भीती वाटतेय. पण माझे जखमी अजून पुलावर आहेत. ते पार होईपर्यंत मी हलणार नाही.' सगळे पार झाले. तो राहिला."

आईनं ताईच्या सदऱ्यावर उजवीकडे पदक लावलं. मग ताई माइकसमोर गेली. अध्यक्षकाका दरवर्षी जिथे उभे राहायचे, तिथेच ती उभी राहिली.

"माझ्या बाबांना भीती वाटत होती," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "तरी ते थांबले."