तीनशे साठची फुंकर

पहिली फुंकर दोनशे पाच. दुसरी दोनशे दहा. आणि तिसरी तीनशे साठ!

"मोजू, बघ ना! हिरवा पट्टा!" शाल्मलीने जागच्या जागी उडी मारली.

मोजू हा घरातला यंत्रमानव. शाल्मलीला दमा होता. म्हणून रोज सकाळी तिने पीक फ्लो मीटरमध्ये (फुप्फुसांतली हवा किती वेगाने बाहेर पडते ते मोजणारी नळी) तीनदा फुंकायचं आणि त्यांतला सर्वांत मोठा आकडा मोजूने नोंदवायचा, असा नेम होता. आज मात्र मोजू नुसताच उभा राहिला.

"तीनशे साठ मी नोंदवणार नाही," तो म्हणाला. "शेजारचे दोन आकडे त्याला ओळखत नाहीत."

"तुझा सेन्सर गंजलाय!"

"माझा सेन्सर प्लास्टिकचा आहे. प्लास्टिक गंजत नाही."

शाल्मलीच्या डोळ्यांत पाणी आलं. उद्या तिचा वर्ग सौर हवाई नौकेतून लोणारचं विवर बघायला निघणार होता. दमा असलेल्या मुलांचा आदल्या दिवशीचा आणि निघायच्या दिवशीचा सकाळचा आकडा हिरव्या पट्ट्यात असेल, तरच त्यांना नौकेत घेणार होते. खिडकीजवळची जागा तिने आणि तिची मैत्रीण गार्गीने केव्हाच ठरवून टाकली होती.

आवाज ऐकून आजोबा बाहेर आले. हवाई नौकांसाठी वाऱ्याचे नकाशे तयार करण्यात त्यांचं नोकरीतलं सगळं आयुष्य गेलं होतं.

"तीनशे साठ?" ते म्हणाले. "तुझा आजवरचा सर्वांत चांगला आकडा तीनशे. एका रात्रीत एवढी प्रगती?"

"पण आजोबा, मला काहीच होत नाहीये. खोकला नाही, धाप नाही. मग दोनशे दहा कसे येतील? मीटरच बिघडलाय!"

"हा प्रश्न मात्र चांगला आहे. चल मागच्या अंगणात."

आजोबांनी बागेच्या पाइपाचं तोंड शाल्मलीच्या हातात दिलं आणि नळ अगदी थोडा उघडला. पाण्याची बारीक धार पडू लागली.

"माझ्याकडे पाठ कर. आता मी पाइपावर पाय ठेवलाय की नाही, ओळख."

"नाही."

"ठेवलाय. आणि आता?"

"ठेवलाय."

"काढला! बरं, आता ओळख." आजोबांनी नळ पूर्ण सोडला. धार उसळून थेट लिंबाच्या झाडापर्यंत गेली. मग एकाएकी ती आखडली आणि अर्ध्या वाटेवरच पडू लागली.

"आता ठेवलात!" शाल्मली वळून ओरडली.

"मघाशी का नाही ओळखलंस?"

शाल्मलीने विचार केला. "मघाशी पाणीच थोडं होतं. दबलेल्या पाइपातूनही तेवढं सहज येत होतं."

"शांत बसून तू श्वास घेतेस, तेव्हा नळ असाच थोडासा उघडा असतो. दम्यात श्वासनलिका (फुप्फुसांत हवा नेणाऱ्या नळ्या) आतून सुजतात, त्यांच्याभोवतीचे स्नायू आवळतात. थोड्याशा आवळल्या तर तुला पत्ताही लागत नाही. पण छाती भरून श्वास घेऊन सगळा जोर लावलास, की धार आखडते."

"म्हणजे मीटरला माझ्याआधी कळतं?"

"बरेचदा."

"मग ते तीनशे साठ?"

मोजू दारातूनच बोलला. "त्या वेळी शाल्मलीचे गाल फुगलेले होते. जीभ दातांमागे होती. फट् असा आवाज आला. काल सीताफळाच्या बिया कुंपणापलीकडे उडवताना असाच आवाज येत होता."

"चोमडा कुठला!" शाल्मली म्हणाली, पण तिचे कान लाल झाले होते.

आजोबा हसले. "तोंडात कोंडलेली हवा एकदम सुटली. मीटर सर्वांत वेगवान क्षण तेवढा पकडतो. ती हवा गालांची की फुप्फुसांची, ते त्याला कळत नाही. म्हणून तर तीनदा फुंकायचं. नीट फुंकलं की तिन्ही आकडे जवळजवळ येतात."

"पण गार्गी माझी वाट बघेल."

"बघेल. पण वर आकाशात तुझ्या नळ्या आणखी आवळल्या, तर नौका वाटेल तिथे उतरवता येत नाही."

शाल्मली बराच वेळ पाइपाशी चाळा करत राहिली.

"दोनशे दहा लिही, मोजू," शेवटी ती म्हणाली.

तिच्या तीनशेचे ऐंशी टक्के म्हणजे दोनशे चाळीस. तिथून वर हिरवा पट्टा. एकशे पन्नासच्या खाली लाल, म्हणजे ताबडतोब दवाखाना. मधला पिवळा. पिवळ्या पट्ट्यासाठी डॉक्टरांनी आधीच लिहून दिलं होतं, त्याप्रमाणे तिने श्वासनलिका मोकळ्या करणारं औषध ओढलं आणि आजोबांनी डॉक्टरांना फोन केला.

दुसऱ्या दिवशी तीन आकडे आले: दोनशे वीस, दोनशे पंचवीस, दोनशे पंचवीस.

"पिवळा," कुणी विचारायच्या आत शाल्मलीच म्हणाली. थोड्या वेळाने नौका घरावरून गेली. तिची सावली अंगण ओलांडून जाईपर्यंत शाल्मली हात हलवत राहिली.

पुढच्या आठवड्यात दुसरी तुकडी निघाली. त्या सकाळी मोजूने दोनशे सत्तर नोंदवले आणि शाल्मली नौकेत बसली. शेजारी गार्गी नव्हती, पण खिडकी होती. त्यांचं गाव धारूर मागे पडलं आणि खाली पूर्वेकडच्या शेतांवर तिला एक पिवळसर, धुरकट पट्टा दिसला. सोयाबीनची मळणी चालू होती. मळणीयंत्रातून उडालेला भुसा वाऱ्याबरोबर लांबवर पसरला होता.

तिने लगेच आजोबांना फोन लावला. "आजोबा, गेल्या आठवड्यात वारा कुठून येत होता?"

"पूर्वेकडून. का गं?"

"पूर्वेकडेच मळणी चाललीय! तो भुसा आपल्याकडे आला असणार. मळणी कुठे आहे ते कळलं आणि उद्याचा वारा तुम्हाला ठाऊक असला, तर भुसा कुणाच्या घरी जाणार ते आदल्या दिवशीच सांगता येईल ना?"

पलीकडे कागद उलगडल्याचा आवाज आला.

"नकाशा मी करतो," आजोबा म्हणाले. "पण तो बरोबर आहे का, ते पडताळायला आकडे लागतील. पुष्कळ मुलांचे, वेगवेगळ्या गावांतले."

"इथे नौकेतच दमा असलेली आणखी दोघं आहेत. थांबा, विचारून येते."

ती खिडकीपासून उठली. खाली तो धुरकट पट्टा सावकाश पुढच्या गावाकडे सरकत होता.