वाळूत बसलेली

सायमा, डेपोतल्या बायकांच्या कोकण सहलीची यादी तू भिंतीला लावलीस, ती मी पाहिली. सातव्या नंबरवर माझं नाव आहे आणि आठव्यावर रिनाचं. तू प्रेमानेच लिहिलं असशील. पण ती दोन्ही नावं खोडून टाक. सिरोंच्याची गाडी अजून तासभर येत नाही, बस इथे. का खोडायची ते सांगते. अहेरी डेपोत चौदा वर्षं झाली मला, पण हे इथे कोणालाच माहीत नाही.

रिना माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान. तिला जन्मापासून सिकलसेल, रक्ताचं दुखणं. आई त्यातच गेली. बाबा गेले तेव्हा रिना कॉलेजात होती. मग आम्ही दोघीच उरलो. मी कंडक्टर म्हणून गाडीवर जायची आणि ती घरी पुढच्या खोलीत कॉम्प्युटर मांडून लोकांचे फॉर्म भरायची. जातीचा दाखला, शिष्यवृत्ती, काय वाटेल ते. थंडी वाढली की तिचे सांधे धरायचे. शेवटची सहा वर्षं तर कंबरेचं हाड झिजल्यामुळे तिला खाली बसताच येत नव्हतं. विहारात वंदनेलासुद्धा ती खुर्चीवर बसायची, आणि त्याची तिला लाज वाटायची.

दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीनंतर तिच्या डोक्यात समुद्र शिरला. कोणीतरी तिला सांगितलं होतं की ऊन खाल्लेल्या वाळूत कंबर पुरून पडलं की दुखणं कमी होतं. मी म्हटलं, आपल्या प्राणहितेला काय कमी वाळू आहे? तर म्हणाली, "ते रेती हाय ताई, टोचते. मले असा बीच पाह्यजे जिथी वाळू पिठासारखी हाय. उंट नाई, घोडे नाई, भेळवाले नाई. कोणीच नाई."

मग रोज शोधणं सुरू झालं. मी ड्यूटीवरून आले की भाकरी थापता थापता ऐकायची. हा बीच घाण आहे, त्याच्यावर रविवारी गर्दी होते, तिसऱ्याला खडकच फार. एके दिवशी एका फोटोखाली कोणीतरी एक नंबर लिहिलेला तिला सापडला. तळकोकणातलं लहानसं गाव होतं. तिथल्या एक काकी समुद्राजवळच्या घरातल्या दोन खोल्या पाहुण्यांना देतात, एवढंच लिहिलं होतं. गावाचं नाव मी तुला सांगणार नाही.

रिनाने फोन स्पीकरवर टाकला. काकींचा आवाज थकलेला पण गोड होता, आणि मागे सतत लाटांची गाज. रिनाने सगळं विचारून घेतलं. गर्दी असते का? नाही. कचरा? नाही. संध्याकाळी भीती वाटते का? काकी हसल्या. मग रिनाने विचारलं, तिथल्या वाळूने खरंच दुखणं जातं का?

"अगो, नुसतं बसायचं," काकी म्हणाल्या. "बसलं की दुखणं खाली उतरतं."

त्या दिवसापासून दोन-चार दिवसांआड फोन व्हायला लागला. मार्चमधली तारीख ठरली. अहेरीहून गाडीने बल्लारपूर, तिथून रेल्वेने मुंबई, मग कोकणची गाडी. मी दहा दिवसांची रजा टाकली आणि मंजूरही झाली. रिनाने वहीत यादी केली. औषधं, गरम पाण्याची पिशवी, दोन सुती चादरी. इतकी खुश मी तिला कधी पाहिली नव्हती.

फेब्रुवारीच्या शेवटी तिला ताप आला. दुसऱ्या दिवशी छातीत दुखायला लागलं आणि संध्याकाळपर्यंत ओठ निळे पडले. अॅम्ब्युलन्सने जिल्ह्याच्या दवाखान्यात नेलं. त्यांनी ऑक्सिजन लावला, रक्त चढवलं, जे करायचं ते सगळं केलं. कोणाला बोल लावायला जागा नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं आणि हलक्या आवाजात सांगितलं, कोणाला बोलवायचं असेल तर बोलवून घ्या.

बोलवायला होतं कोण? मी व्हरांड्यात उभी राहिले. भर दुपार झाली तरी तिथेच होते. समोरच्या आवारात मोहाची फुलं पडली होती आणि त्यांचा तो आंबूस, जड वास पार आतपर्यंत येत होता. काहीतरी करायला हवं म्हणून मी काकींना फोन लावला. खोली रद्द करा म्हणायला.

"रद्द कशाला?" काकी म्हणाल्या. "ती तर आली सकाळीच."

मला वाटलं, त्यांची दुसऱ्या कोणाशी गल्लत झाली. मी रिनाचं नाव परत सांगितलं.

"तीच हो. एकटीच आली. पायात चपला नाहीत. निळा झगा आहे अंगात, आणि हाताला सुई लावून पट्टी बांधली आहे. मी चहा घे म्हटलं तर थांबली नाही. वाळूत जाऊन बसली आहे. खाली बसता येतं म्हणून हसत होती."

माझ्या पाठीला दार होतं. मी वळून आत पाहिलं. रिना खाटेवर होती. अंगात दवाखान्याचा निळा झगा. हाताला सुई, वर पट्टी.

काकींनी बहुतेक फोन समुद्राकडे धरला. आधी गाज ऐकू आली... मग खोकला. दोन छोटे, एक लांब, आणि शेवटी शिट्टीसारखा ओढलेला श्वास. लहानपणापासून ऐकत आलेला खोकला मला ओळखू येणार नाही का? समोर खाटेवर मात्र रिनाचे ओठ मिटलेले होते.

शेजारच्या खाटेवर गिरजाबाईंची सून होती. गिरजाबाई कुरखेड्याकडच्या, फार माया करायच्या आमच्यावर. मी आत आले तेव्हा त्या रिनाच्या पायाशी उभ्या होत्या.

"बाई, हिचे पाय वले काऊन?" त्या म्हणाल्या.

मी हात लावला. तळवे ओले आणि गार होते. बोटांच्या बेचक्यांत पांढरी, बारीक वाळू अडकली होती, पिठासारखी. मी तिचे पाय पुसले. नंतर, का ते माहीत नाही, पण बोट जिभेला लावलं. खारट होतं.

गिरजाबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. त्यानंतर त्या आमच्या खाटेकडे आल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी रिनाचा श्वास मोजता येईल इतका संथ झाला. श्वासाच्या वाफेने मास्क पांढरा व्हायचा, मग कितीतरी वेळ स्वच्छच राहायचा. नर्स येऊन नाडी बघायची आणि माझ्या डोळ्याला डोळा न देता जायची. अकराच्या सुमाराला मी परत व्हरांड्यात गेले. काकींनी पहिल्याच रिंगला उचललं, जसा काही फोन हातातच धरून बसल्या होत्या.

"पुढे सरकली आहे," त्या म्हणाल्या. "पाणी पावलांना लागतंय. मी हाक मारली, बघत नाही. दुखत नाही म्हणते."

"तिले परत पाठवा," मी म्हटलं.

"इथून कोणाला पाठवत नाही गो आम्ही. येतात, बसतात. मग भरती येते."

"काकी, मले दुसरं कोणी नाई." मी भिंतीला धरून खाली बसले होते. येणारे-जाणारे बघत होते, बघोत. "काहीपण करा. तुमच्या पाया पडतो. पाठवा तिले."

काकी चालत पुढे गेल्या असाव्यात, गाज जवळ आली.

"ती उठायची नाही," काकी शेवटी म्हणाल्या. "पण ती काय एकटी बसलेली नाही इथे. खूप जणी आहेत. काही फार दिवसांच्या आहेत... मी हाक देते. पण जी उठेल, ती येईल. चालेल?"

सायमा, मला ते नीट ऐकू आलं होतं. समजलंही होतं. पुढे कितीदा स्वतःला सांगून पाहिलं की घाबरले होते, गोंधळले होते, चार रात्री झोप नव्हती. पण खोटं कशाला बोलू? मला समजलं होतं.

मी म्हटलं, "पाठवा."

चार वाजता रिनाने डोळे उघडले.

सगळा वॉर्ड गोळा झाला. डॉक्टरांनी दोनदा छाती तपासली. संध्याकाळी ऑक्सिजन काढला. मी तिचा हात धरून रडत होते आणि ती माझ्याकडे बघत होती. गाडीत नवीन प्रवासी असतो ना, आपला थांबा येतोय की गेला हे न कळणारा, तो खिडकीतून जसा बघतो, तशी. रात्रभरात तिने मला कोणत्याच नावाने हाक मारली नाही. सकाळी एक नर्स मला म्हणाली, ताई, हिला पेज द्या. तेव्हा तिने ते ऐकलं आणि मग म्हणाली, "ताई."

तिसऱ्या दिवशी ती चालायला लागली. चौथ्या दिवशी मी डबा धुऊन आले तर ती खाटेखाली पडलेला चमचा उचलायला उकिडवी बसली होती. आरामात. गुडघे छातीला लावून.

घरी सोडायच्या आधी रक्त घेतलं. थोड्या वेळाने तपासणीवाला पोचूभाऊ स्वतः आला आणि परत रक्त घेऊन गेला. दुपारी तिसऱ्यांदा आला. जाताना त्याने मला जिन्यापाशी बोलावलं. रिनाचं सिकलसेलचं कार्ड त्याच्या हातात होतं, शाळेत असताना मिळालेलं.

"ताई, हे जन्माचं दुखणं हाय. दबते, पण जात नाई," तो म्हणाला. "आन् हिच्या रक्तात ते नाईच. कधी नव्हतंच. मी तीनदा पाह्यलं." त्याने कार्ड माझ्या हातात दिलं आणि आवाज आणखी खाली आणला. "आत कोण हाय?"

मी म्हटलं, माझी बहीण आहे. दुसरं काय म्हणणार होते?

डॉक्टरांनी शेवटी ठरवलं की लहानपणचा रिपोर्टच चुकला असेल. आम्ही घरी आलो.

त्याला आता दोन वर्षं होत आली. तू तिला पाहिलं आहेस. डब्यात तिच्या हातची वांग्याची भाजी खाल्ली आहेस. सगळं घर ती सांभाळते. मागच्या पावसात मला मलेरिया झाला तेव्हा तीन रात्री माझ्या उशाशी बसून होती, कपाळावरची पट्टी वाळू दिली नाही. तिच्यात वाईट असं काही नाही, हे मी शपथेवर सांगेन. फक्त कॉम्प्युटरला तिने हात लावला नाही. लोक फॉर्म घेऊन यायचे, ती दारातूनच नाही म्हणायची. एकदा मी रिनाच्या शाळेतली गोष्ट काढली. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतली आणि विचारलं, मग काय झालं? मी पुढे सांगितलं नाही.

तिचं खरं नाव काय, ती कोणाच्या घरची, तिची वाट कोण बघतंय, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. विचारलं आणि तिने सांगितलं तर?

काकींचा नंबर मी घरी आल्यावर कितीदा तरी लावला. असा नंबरच नाही, असं सांगायचे. मग लावणं सोडून दिलं.

गेल्या रविवारी, संध्याकाळी पाचला, फोन वाजला. मी अंगणात कपडे काढत होते. नंबर बघून उचलला. गाज आली. मग काकींचा आवाज, पहिल्यापेक्षा खूप म्हातारा झालेला.

"अजून बसली आहे गो ती," त्या म्हणाल्या. "पाणी गळ्यापर्यंत येतं, परत जातं. दुसऱ्या असत्या तर केव्हाच गेल्या असत्या. ही जात नाही. म्हणते, माझ्या ताईने रजा टाकली आहे, ती येतेच आहे."

मी दोरीवरच्या चादरीला धरून उभी राहिले.

"आता दुखायला लागलंय परत तिला," काकी म्हणाल्या. "तू ये. तुझ्या हाकेला उठेल. फक्त... येताना त्या दुसरीला घेऊन ये. जागा मोकळी ठेवता येत नाही."

फोन बंद झाला की मी केला, आठवत नाही. मग परत लावला तर तेच, असा नंबर नाही.

चार दिवस झाले, सायमा. मी रोज गाडीवर येते, तिकिटं फाडते, घरी जाते. एका बहिणीला वाळूतून उठवायला दुसरीला तिथे बसवून यायचं, आणि हे मला कोणाला विचारता येत नाही. रात्री ती जेवायला वाढते तेव्हा मी तिच्या हाताकडे बघत राहते. माझ्या कपाळावरची पट्टी बदलणारा हात. आणि तिकडे पाणी गळ्यापर्यंत. तू ती यादी लावलीस आणि मला वाटलं, हे आयतंच झालं, सगळ्यांबरोबर नेता येईल, तिला काही कळायचं नाही. असं मला वाटलं. म्हणूनच म्हणते, खोड.

त्या रविवारी फोन झाल्यावर मी कपडे घेऊन आत गेले. ती ओट्याशी पोळ्या करत होती. आतून अंगणातलं काही ऐकू येत नाही, मी नंतर उभं राहून पाहिलं आहे. कोणाचा फोन होता, असं तिने विचारलं नाही. तव्यावरची पोळी उलटवली, कडा दाबल्या आणि माझ्याकडे न बघता म्हणाली,

"ताई, भरती किती वाजताची सांगितली त्यांनी?"