अठराव्या अंकातला रिकामा फुगा

माया अमरावतीच्या एका महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवायची. रविवारी दुपारी जेवण आटोपलं की ती टेबलावर ‘परतफेरी’ची पानं पसरायची. ही कॉमिक्सची मालिका तिचा नवरा अनुप काढायचा. त्यातला नायक भूतकाळात जाई, तिथं कुणाला तरी एकच वाक्य सांगून परत येई, आणि तोवर इकडचा इतिहास बदललेला असे. एका अंकात धारणीच्या जंगलातून आगगाड्या धावत होत्या; दुसऱ्यात अकोल्याच्या मोर्णेत जहाजं लागत होती.

अनुप आधी चित्रं काढी आणि संवादाचे फुगे रिकामे सोडी. संवाद लिहायचं काम मायाचं.

“तुहे बोल नसते तं माह्या चित्रातले राजे अन् चोर एकसारखेच दिसले असते,” तो म्हणे.

त्याला जाऊन चार वर्षं झाली होती. लग्नानंतर तो अमरावतीत राहिला, पण आईला भेटायला मोटारसायकलनं अकोल्याला जात राहिला. एकदा परतताना ट्रकनं गाठलं. अठरावा अंक आईकडेच, जुन्या शहरातल्या घरी राहून गेला होता. गेल्या महिन्यात सासूबाईंनी, चतुराबाईंनी, तो मायाच्या हाती ठेवला.

“पुरा करून टाक, पोरी,” त्या म्हणाल्या. “त्यानं कोनतंच काम अर्धं ठेवलं नवतं.”

बाकीचे फुगे तिनं भरले. शेवटच्या पानावरचा राहिला. चित्रात अमरावतीच्या कॉलेजचं विज्ञान प्रदर्शन होतं. एका मॉडेलपाशी वेणी घातलेली मुलगी; दारात वही घेऊन आलेला मुलगा. त्यानं अजून तिला पाहिलेलं नव्हतं. नायक मुलाच्या कानाशी वाकला होता.

माया आणि अनुप पहिल्यांदा भेटले, तो हा दिवस.

मायानं पेन्सिलीनं लिहिलं, ‘हेल्मेट घालत जा.’ चहा ठेवून आली, तर फुगा कोरा.

तिनं पुन्हा लिहिलं, जोर देऊन, ‘उशीर झाला तर आईकडेच थांब.’ त्याच पेन्सिलीनं, तितक्याच जोरानं दोन शब्द समासातही लिहून ठेवले. सकाळी समासातले शब्द जागेवर होते. फुग्यात काही नव्हतं. भिंगाखाली पाहिलं, कागदावर साधा वळही नव्हता.

आठवडाभर तिनं दोघांना एकत्र ठेवणारी वाक्यं लिहून पाहिली. एकही टिकलं नाही.

मग कोणतं टिकेल ते तिला कळलं. ती त्याला भेटलीच नसती, तर तो अमरावतीत राहिला नसता. त्या रस्त्यावर तो नसताच.

रविवारी तिनं शाईचं पेन घेतलं. दारातल्या मुलाकडे खूप वेळ पाहिलं. मग लिहिलं, ‘अकोल्याची बस लागली, पळ.’

शाई वाळली. अक्षरं राहिली.

माया उठली. खुंटीवर अनुपचा रेनकोट नव्हता. खुंटीही नव्हती. भिंतीला भोकसुद्धा नव्हतं.

मोबाइलमध्ये चतुराबाईंचं नाव सापडेना. नंबर तिला पाठ होता.

“हॅलो, आई, मी माया.”

“कोन माया?”

मागे कुणीतरी खोकलं. “कोनाचा फोन हाये वं, आई?”

फोन बंद झाला.

आवाज थोडा जड झाला होता. पण त्याचाच होता. मायाला तो आणखी एकदाच ऐकायचा होता. तिनं परत नंबर लावला.

“हॅलो,” अनुप म्हणाला.

तिनं फोन कानाला घट्ट लावला. पलीकडे पंख्याची घरघर ऐकू येत होती. त्यानं फोन ठेवला नाही.

“आज आईले नाव सांगतलं म्हनते,” शेवटी तो हळूच म्हणाला. “इतके वर्सं याच नंबरावरून रोज फोन करता, बाई. बोलत काहून नाई?”