तिसऱ्या दिवशी बंद पडणारी गाडी

बसवकल्याणच्या बसस्थानकामागं, झेरॉक्सच्या दुकानाला लागून, ‘खासगी तपास’ अशी एक पाटी आहे. विमा कंपनीत तीस वर्षं अपघाताचे दावे तपासून निवृत्त झालेल्या सुधारानींनी ती लावली, आणि लावल्यापासून त्या पस्तावत होत्या. लोक यायचे ते हरवलेल्या म्हशी आणि पळालेले जावई शोधायला. त्यांचा मावसभाऊ विलास कोर्टातला निवृत्त कारकून. गाडी चालवायची, टिपणं काढायची आणि आपल्या या अक्कांच्या आधी चुकीचा माणूस पकडायचा, ही त्याची कामं.

त्या दिवशी दुपारी शोभाबाई आली तेव्हा विलासला डुलकी लागली होती. बाई दारातूनच बोलायला लागली.

“अक्का, माझ्या मालकावर आळ आलाय. राजेश्वरला हायवेवर त्यांचं गाड्या दुरुस्तीचं दुकान हाय. नागनाथ त्यांचं नाव. जागा श्रीपतरावांची. आज सांजच्यापर्यंत रिकामी करा म्हणालेत.”

“कामून?” विलासनं विचारलं.

“त्यांच्या पोराची मोटरसायकल. बावीस वर्षांची जुनी. दसऱ्यापासून बंद पडायलीय. ह्यांनी हात लावला की दोन दिवस चालती, तिसऱ्या दिवशी परत तेच. मागच्या आठवड्यात हायवेवरच बंद पडली, मागून उसाचा ट्रॅक्टर घासून गेला. पोराचं मनगट मोडलं. श्रीपतराव हॉटेलात धा माणसांत म्हणाले, नागनाथ फसव्या हाय, गिऱ्हाईक परत यावं म्हणून मुद्दाम खोट ठेवतो.”

“परत आल्यावर पैसे घेतात का?” सुधारानींनी विचारलं.

“एक रुपया न्हाई. काय बिघडलं होतं विचारलं की म्हणतात, कचरा. अपघातापासून तर तोंडच उघडत न्हाईत.” तिनं आवाज खाली आणला. “खरं सांगते अक्का. मलाबी एकदा शंका आली. बायको असून. दुकान गेलं तर दुसरीकडं टाकू, पर ही शंका घेऊन मला त्यांच्यासंगं राहणं होईना.”

सुधारानींनी आपल्या सुजलेल्या गुडघ्यांकडं पाहिलं आणि सुस्कारा सोडला. “विलास, गाडी काढ.”

नागनाथ पान्हे पोत्यात भरत होता. भिंतीवरचा बाबासाहेबांचा फोटो उतरवून त्यानं वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवला होता. बायकोनं शहरातून माणसं आणली याचा त्याला राग आला नाही; राग यायलाही अंगात थोडी ताकद लागते, आणि हा माणूस पार थकलेला दिसत होता.

“गाडीत काय बिघाड होता?” सुधारानींनी विचारलं.

“कचरा.”

“कार्बोरेटरमध्ये?”

“कार्बोरेटर चकचकीत हाय. दोनदा खोलून बघितलो. प्लग नवा हाय.”

“मग कचरा कुठला?”

नागनाथ पान्हे मोजत राहिला. विलासचं लक्ष त्याच्या कॉलरकडं गेलं. तिथं शिवणाची एक सुई खोचलेली होती. दोरा नव्हता, आणि टोकाला तांबूस-पिवळं काहीतरी वाळलं होतं.

“ह्या सुईनं कार्बोरेटरचा जेट साफ करता व्हय?” विलासनं हुशारीनं विचारलं.

नागनाथनं त्याच्याकडं कीव केल्यागत पाहिलं. “जेटला सुई घालत न्हाईत, साहेब. भोक मोठं होतंय, मग गाडी पेट्रोल पिती आन् स्लोवर थांबत न्हाई. जेट फुंकायचा असतोय.”

“मग सुई कशाला?”

“असू द्या की. लागती.”

श्रीपतरावांचं घर दुकानामागंच होतं. ते स्वतः खाटेवर बसून होते. बोलताना घुश्शात होते. “पंधरा वर्षं जागा दिलो. काय फळ मिळालं? पोराचा हात गेला असता.”

“जागा दुसऱ्या कुणाला द्यायची आहे का?”

“मोबाईलवाला मागायलाय. का, मागू नये?”

विलासनं वहीत ‘मोबाईलवाला’ लिहून खाली दोन रेघा मारल्या.

मुलगा शिवप्रसाद हुमनाबादला एका ऑफिसात कामाला होता. प्लास्टरमधला हात गळ्यात अडकवून तो ओट्यावर बसला होता.

“गाडी काय करते ते नीट सांग,” सुधारानी म्हणाल्या.

“सकाळी एका किकमधी चालू होती. निम्म्या वाटंवर गेलं की आचके देत स्लो होती आन् बंद. मग वीस किका मारा, न्हाई. अर्धा तास झाडाखाली बसलं की परत चालू. एकदा मधीच पंपावर पेट्रोल घेतलो, त्या दिवशी थेट ऑफिसात पोचलो.”

“नागनाथ काही म्हणाले होते?”

“एकदा म्हणाले, टाकीचं झाकण कोरडं ठेवत जा. मी तर रोज पुसतोच. मारुतीच्या वळणावर थांबून फडकं मारतो.”

“घरी का नाही मारत?”

शिवप्रसादनं स्वयंपाकघराकडं बघितलं. “असंच.”

त्याच्या आई, राजूबाई, चहा घेऊन आल्या. कपबशी पुढं करणाऱ्या त्यांच्या बोटांची पेरं पिवळी होती. “ह्याला सांगा जरा,” त्या म्हणाल्या. “हात बरा झाला की परत त्याच गाडीवर जातो म्हणायलाय. मी रोज सकाळी जीव मुठीत धरून त्याला वाटं लावते.”

विलासनं अक्कांना बाजूला घेतलं. “पोराला नवी गाडी पाहिजे आहे. बापानं नको म्हटलंय, शेजारी सांगत होते. हाच खोडी करतो.”

“आणि मनगटही स्वतःच मोडून घेतलं?”

विलासनं वही मिटली.

अंगणातल्या मोटरसायकलला अपघातापासून कुणी हात लावला नव्हता. मडगार्ड चेपलं होतं. सुधारानी टाकीवर वाकल्या. वरून झाकण स्वच्छ होतं, पण कडेच्या खाचेत पिवळसर मळ घट्ट बसला होता. विलासला तो गंज वाटला. बावीस वर्षांच्या गाडीवर गंज असायचाच.

“विलास, ही घेऊन हुमनाबादच्या वाटेला लाग. जिथं बंद पडेल तिथं आधी किक मारून बघ. नाही झाली तर टाकीचं झाकण उघड, आणि काय ऐकू येतं ते ध्यानात ठेव.”

“ट्रॅक्टर आला तर?”

“कडेनं जा.”

विलास तासाभरानं परतला तेव्हा त्याची कंबर धरली होती. अंगणात खाटेवर श्रीपतराव, उंबऱ्यात राजूबाई, ओट्यावर शिवप्रसाद, आणि फाटकाशी नागनाथ आणि शोभाबाई उभे होते. त्या दोघांना कुणी बसा म्हणालं नव्हतं.

“काय झालं?” सुधारानींनी विचारलं.

“निम्म्या वाटेवर आचके देऊन बंद पडली. पंधरा किका मारल्या, व्यर्थ. मग झाकण उघडलं. फुस्स करून हवा आत गेली. पुढच्या दोन किकमध्ये गाडी चालू.”

सुधारानी खुर्चीत टेकल्या. “तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल नीट पडत नाही. दुसरं पाडावं लागतं, हवा आत जायला. टाकीचंही तसंच. पेट्रोल खाली जाईल तशी वरून हवा आत यायला लागते. त्यासाठी झाकणाला सुईच्या टोकाएवढं भोक असतं. ते बुजलं की पेट्रोल खाली उतरेनासं होतं. अर्धा तास थांबलं की कुठूनतरी थोडी हवा शिरते. पंपावर तर झाकण उघडावंच लागतं. म्हणून त्या दिवशी शिवप्रसाद ऑफिसात पोचला.”

“म्हणजे ह्यानं भोक बुजवलं,” श्रीपतराव नागनाथकडं बोट करून म्हणाले.

“त्यांनी प्रत्येक वेळी मोकळं केलं. जेटला जी चालत नाही, ती सुई त्यांच्या कॉलरला कशाला? टोकाला हळद-कुंकू वाळलंय, ते बघा.” त्या राजूबाईंकडं वळल्या आणि त्यांचा आवाज उतरला. “काकू, रोज सकाळी झाकणाला लावता ना?”

राजूबाईंनी पेरं पदरात घेतली. “खंडेनवमीला गाडीची पूजा केली. तिसऱ्या दिवशी आमच्या गल्लीतला एक पोरगा हायवेवर अपघातात गेला. तवापासून रोज लावते. ओल्या बोटानं. शिवप्रसाद न्हायला गेला की.”

“आणि तो वळणावर पुसतो,” सुधारानी म्हणाल्या. “ऑफिसातले हसू नयेत म्हणून, होय ना? पुसताना लेप भोकात दाबला जातो. दोन दिवस साठतो, तिसऱ्या दिवशी भोक बंद. झाकण कोरडं ठेव म्हटल्यावर याला वाटलं, आणखी पुसावं.”

शिवप्रसादनं मान खाली घातली. राजूबाई त्याच्याकडं बघत राहिल्या. “पुसत होतास?” एवढंच त्या म्हणाल्या.

विलासला राहवलं नाही. “पण नागनाथ, तोंडानं सांगायला काय झालं होतं? त्या पोराचा हात वाचला असता.”

“त्याचंच खातंय मला, साहेब. रात्रीची झोप न्हाई.” नागनाथनं फाटकाचा आधार घेतला. “पर कसं सांगू? तुमच्या कुंकवानं गाडी बंद पडती म्हणून? आमच्यातल्या माणसानं? दुसऱ्या दिवशी गावभर झालं असतं, नागनाथ पूजेला नावं ठेवतो. त्यापेक्षा सुई बरी वाटली. भिलो मी.”

विमा कंपनीत असताना अक्का म्हणायच्या, खोटं पकडलं की निदान हुरूप येतो. इथं खोटं कुणाचंच नव्हतं, आणि विलासला उगाच घरी जावंसं वाटायला लागलं.

“बरं,” श्रीपतराव शेवटी म्हणाले. “दुकान राहू दे.”

“राहू दे म्हणालात, बरं झालं,” शोभाबाई म्हणाली. “पर फसव्या म्हणालात ते हॉटेलात. धा माणसांत. ते ह्या अंगणात कसं मिटंल?”

श्रीपतराव जमिनीकडं बघत बसले. राजूबाई उठल्या आणि त्यांनी चपला पायात सरकवल्या.

“कुठं निघालीस?”

“हॉटेलात. तुमच्यानं बोलणं व्हत न्हाई तर मी बोलते. कुंकू माझं होतं.”

गावच्या हॉटेलात त्या जन्मात कधी गेल्या नसाव्यात. त्या फाटकापर्यंत पोचल्या तेव्हा श्रीपतरावांनी खुंटीवरची टोपी काढली, डोक्यावर घातली आणि झपाझप चालत त्यांच्या पुढं झाले.

“चला की, नागनाथ,” विलास म्हणाला. “तुमच्यासमोर बोलू द्या त्यांना.”

नागनाथ तिथंच फाटकाशी उकिडवा बसला. “मी कशाला, साहेब? मला म्हाईतच होतं की.”

“मला न्हवतं,” शोभाबाई म्हणाली, आणि ती राजूबाईंच्या मागं निघाली.