चौथ्या मजल्यावरचा मास्तर

लिफ्टचं दार उघडलं चौथ्या मजल्यावर, आणि छोटीला जायचं होतं पाचव्यावरच्या ऑफिसात. घरी तिला सगळे छोटी म्हणतात, म्हणून आपणही तेच म्हणू. लिफ्ट वर जायचं नाव घेईना, तेव्हा लॅपटॉप छातीशी धरून ती बाहेर पडली. दुपारचा एक वाजला होता. बाहेर पाऊस भुरभुरत होता. सगळा मजला रिकामा... फक्त टोकाच्या खोलीत उजेड होता.

आत एक जण फळ्यापाशी उभा होता. तिशीचा असेल. बाह्या दुमडलेल्या, हातात मार्कर, आणि डोळे इतके हसरे की छोटीला उगाचच केस सारखे करावेसे वाटले.

"फंक्शनल प्रोग्रामिंग शिकायला आलात?" त्याने विचारलं.

खरं तर ती जिना शोधत होती. पण टीमने प्रोग्रामिंगची नवी भाषा घेतल्यापासून तिच्या कोडवर रोज लाल शेरे पडत होते. लिहिता लिहिता तिचा हात जुन्या सवयीने फंक्शनबाहेर साठवलेल्या, सगळ्यांच्या वापरातल्या व्हेरिएबलकडे जायचाच. इथे काही बदलावं आणि भलतीकडेच बिघडावं, असं चाललं होतं.

"हो," ती म्हणाली. "पण मी जरा ढ आहे."

"ते मी ठरवीन. बसा."

त्याने फळ्यावर एक यादी लिहिली, आणि त्या यादीला हात न लावता शेजारी दुसरी तयार केली. "चांगलं फंक्शन बाहेर डोकावत नाही," तो म्हणाला. "जे हातात द्याल तेवढ्यावर काम करतं, उत्तर देतं आणि मोकळं होतं. मागे खूण ठेवत नाही. तेच दिलंत तर तेच उत्तर... आज, उद्या, केव्हाही."

"माणूस असता तर फार कंटाळवाणा असता."

"किंवा फार भरवशाचा," तो म्हणाला आणि डावी भुवई उचलून हसला. छोटीने मनातल्या मनात त्याचं नाव मास्तर ठेवलं.

दुसऱ्या दिवशी एक वाजता ती मुद्दाम जिन्याने चौथ्यावर गेली.

"फंक्शनल प्रोग्रामिंग शिकायला आलात?"

गंमत करतोय, असं तिला वाटलं. तिनेही री ओढली. "हो. पण मी जरा ढ आहे."

"ते मी ठरवीन. बसा."

तोच सूर. तीच यादी, त्याच जागी, त्याच तिरक्या अक्षरात. कंटाळवाण्या माणसाबद्दलचं कालचं वाक्य तिने चाचरत पुन्हा म्हटलं, तर डावी भुवई तितकीच वर गेली. छोटीच्या अंगावर काटा आला. बोलता बोलता तो ज्या खुर्चीवर टेकला होता तिच्यावरून उठला, आणि खुर्चीवरची धूळ जशीच्या तशी होती.

खाली चहाच्या टपरीवरच्या मावशींना तिने आडून आडून विचारलं.

"त्या खोलीत?" मावशी म्हणाल्या. "शिकवायचा एक जण. सात वर्षं झाली त्याला जाऊन. शिकवता शिकवता खाली बसला, तो उठलाच नाही. चांगला होता गं बिचारा."

शहाण्या मुलीने यानंतर त्या मजल्याचं तोंड पाहिलं नसतं. छोटीने रात्रभर विचार केला आणि तिसऱ्या दिवशी गेली. डोक्यात त्याचाच धडा होता. जे लागतं ते हातात द्यायचं. मग तिने कालचा आणि परवाचा दिवस त्याच्या हातात दिला... काय बोललो, काय शिकलो, सगळं. मावशींचं बोलणंसुद्धा.

त्याने शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे आठवण तुम्ही ठेवायची," तो म्हणाला. "ओझं आहे."

"उचलीन की."

"मग पुढचा धडा घेऊ."

तेव्हापासून रोज ती आधी सगळं सांगायची आणि मग ते पुढे जायचे. तीन आठवड्यांत सांगण्यालाच अर्धा तास लागू लागला. लाल शेरे थांबले. खरं म्हणजे आता तिला शिकवणीची गरज नव्हती.

"कोण आहे गं तो?" घरी ताईने एकदा विचारलं.

"शिकवतो मला."

"काय शिकवतो? आरशात बघून हसायला?"

छोटी लाजली, आणि मग तिला रडू आलं. ती प्रेमात पडली होती, आणि त्याला रोज ती कोण हेच सांगावं लागत होतं. त्याने आपण होऊन एकदा तरी काही म्हणावं, एवढंच तिला हवं होतं. वाट पाहून पाहून एका गुरुवारी तिने सगळं सांगितल्यावर शेवटी एक वाक्य जास्तीचं जोडलं.

"...आणि काल तुम्ही म्हणालात, की मी तुम्हाला आवडते."

तो हळूच म्हणाला, "म्हणालो असेन. आवडतेसच."

त्याने तिच्या हातावर हात ठेवला. त्या हाताला ना ऊब होती ना वजन. छोटीला तरीही आभाळ ठेंगणं झालं... ते जिना उतरेपर्यंत. मग तिच्या ध्यानात आलं, की उत्तर तिनेच त्याच्या हातात ठेवलं होतं. उद्या हेच सांगितलं तर तो याच आवाजात हेच म्हणेल, आणि परवाही. त्यात त्याचं असं काय होतं?

शुक्रवारी तिने सगळं सांगितलं. काल आपण खोटं बोललो, हेही सांगितलं.

"मी रागावलो का?" त्याने विचारलं.

"ते आत्ता कळेल."

त्याने मार्कर खाली ठेवला. "नाही रागावलो. पण पुढच्या वेळी मला काहीच सांगू नका. एक शब्दही नाही."

"मग मी तुमच्यासाठी कोणीच नसेन."

"नसाल. तरी मी काय बोलतो ते ऐका. ते तरी माझं असेल."

शनिवार-रविवार तिने कसेबसे काढले. त्याची भीती तिला आता राहिली नव्हती, त्याच्या उत्तराची मात्र वाटत होती. सोमवारी ती दारात उभी राहिली.

"फंक्शनल प्रोग्रामिंग शिकायला आलात?"

"नाही," छोटी म्हणाली. "ते येतं मला. मी नुसतीच आलेय."

असं त्याला बहुधा कोणी म्हणालं नव्हतं. तो गोंधळला. फळ्याकडे वळला, पुन्हा तिच्याकडे वळला. दोघं खिडकीशी बसले. पावसाविषयी बोलले, वाईट अक्षराविषयी बोलले. ती खाली बघायची तेव्हा तो तिच्याकडे बघायचा, आणि तिला ते कळत होतं. दोन वाजले. तिला हवं होतं ते त्याने म्हटलं नव्हतं. ती उठली, दारापर्यंत गेली.

"थांबा," तो मागून म्हणाला. "मी हे कधी कोणाला विचारलेलं नाही. आत्ताही का विचारतोय, कळत नाही... उद्या येशील?"

छोटीने दाराची चौकट घट्ट धरली. "येईन. पण तुम्हाला हे आठवणार नाही."

"तुला आठवेल?"

"हो."

"मग झालं तर," तो म्हणाला. "मी उद्या पुन्हा विचारीन."