दोन हजार आठशे कॅलरी

संशय माझ्या रक्तातच आहे. मंचरला आमचं किराण्याचं दुकान. तराजूला कुणी बोट लावलं तर मी पाठमोरी असले तरी मला कळायचं. पुढे डॉक्टर झाले, स्वभाव तोच राहिला.

आमच्या अतिदक्षता विभागात महाळुंगे पडवळचे भागुजी न्यूमोनियाने बेशुद्ध होते. श्वास व्हेंटिलेटरवर, रक्तदाब औषधाच्या पंपावर. ते औषध शरीराची भट्टी पेटवतं, म्हणजे अन्न जास्त लागतं; पण आतड्यांचं रक्तही तेच कमी करतं. नाकातल्या नळीतून जास्त ढकललं तर आतडं सडायचं, कमी दिलं तर माणूस वाळायचा. म्हणून शरीर दिवसाला किती कॅलरी जाळतंय ते श्वासावरून मोजणारं यंत्र मी रोज दुपारी लावायची. सोळाशे कॅलरी यायच्या.

"मॅडम, आबा वाचत्याल ना?" त्यांची लेक यशोधरा दारातच गाठायची. तिला दुसरं कुणी नव्हतं. मला फार कणव यायची तिची.

सोमवारी औषध निम्म्यावर आणलं. आकडा उतरायला हवा होता. आला दोन हजार आठशे.

ताप नाही, थरथर नाही. आमचा नर्स राकेश चोरून औषध वाढवतोय, अशी माझी खात्रीच झाली. चांगलं खडसावलं त्याला.

"आईशप्पथ मॅडम, पंपाला हात न्हाई लावला..." तो कुजबुजला. "एवढं तर दोन माणसांचं व्हतंय..."

मंगळवारी मी स्वतः पंपाशेजारी खुर्ची टाकून बसले. औषध पूर्ण बंद केलं. यंत्र बिघडलंय का म्हणून शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाला लावून पाहिलं. तिथे नेहमीचे चौदाशे. परत भागुजींना लावलं. दोन हजार आठशे. स्पिरिटच्या वासात विझलेल्या चुलीचा वास मिसळला होता... कुठून, ते सापडलं नाही.

रक्तदाब मात्र खणखणीत. बुधवारी शुद्ध आली, गुरुवारी श्वासाची नळी काढली. यशोधरा रडतच आत आली.

"आबा, वळखलं का मला?"

"वळखलं की... माझी यशू."

तिने त्यांचा हात कपाळाला लावला. मला आनंद झाला, खोटं कशाला सांगू! मी त्यांच्या पाठीला स्टेथोस्कोप लावला. ते तिच्याशी बोलतच होते, हळूहळू, न थांबता. बोलताना माणूस श्वास बाहेर सोडतो.

माझ्या कानात मात्र कुणीतरी संथपणे श्वास आत ओढत होतं...

"मॅडम," यशोधरा डोळे पुसत हसली, "घरी कवा न्यायचं आबांना?"

आज चार दिवस झाले. ती रोज विचारते. सुट्टीचा कागद तयार आहे. सही माझ्याच्याने होत नाही.